चार राजदूतांचा शब्द

९ मार्च
दादाला त्याच्याच घरात कोंडलंय. गल्लीच्या तोंडाशी चिलखती गाडी. "मतमोजणी खोटी आहे, या निकालावर मी सही करणार नाही" – रेडिओवर एवढंच बोलला आणि घरी जेवायला गेला. देशाचा निवडणूक आयुक्त, पण जेवणाची वेळ चुकवायची नाही. हात धुवून होईपर्यंत गल्ली बंद.

त्याच्या सांगण्यावरून उपायुक्तांनीही सही नाकारली. त्यांना मात्र घर नाही. थेट लष्करी तुरुंग.

आई म्हणते, "हट्टी आहे, बापावर गेलाय." म्हणताना मान ताठ.

११ मार्च
मदत देणाऱ्या चारही देशांचे राजदूत आज मी काम करते त्या परदेशी वकिलातीत जमले. समोर सत्तेवर बसलेल्या जनरलचा परराष्ट्रमंत्री, मधे मी – दुभाषी. आमच्या राजदूत – आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो – शांतपणे म्हणाल्या, "आयुक्त आणि त्यांचे सहकारी सुटल्याशिवाय मदत बंद, व्हिसा बंद, विमानं बंद. आम्हा चौघांचं यावर एकमत आहे."

मी ते आपल्या भाषेत सांगितलं. मंत्र्याने बाईंकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, "आयुक्त तुमचे बंधू ना?"

मी त्याचंही भाषांतर करून बाईंना सांगितलं. काय करणार? नोकरीच ती.

नंतर जिन्यात बाईंनी माझा हात धरला. "भावाला सांगा, सही करू नका. आम्ही पाठीशी आहोत." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा हात धरला.

१२ मार्च
वहिनीला औषधं आणायला बाहेर सोडतात. औषधाच्या दुकानात गाठली. जनरलचा माणूस रोज येतो म्हणे, दादाशी गोड बोलतो. सही करा आणि सगळे मिळून देशाबाहेर जा, तुम्हाला कुणी अडवणार नाही.

मी बाईंचा निरोप सांगितला.

"नक्की ना? चौघं शेवटपर्यंत ताणतील?"

"बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ," मी म्हणाले.

वहिनीने माझ्या गालावरून हात फिरवला. घरी येईपर्यंत रडू आवरलं.

१५ मार्च
विमानं बंद झाली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठेच नाहीत. आई म्हणते, "पोरासाठी एवढं सोसेन की."

१८ मार्च
उपायुक्तांची बायको आली होती. शाळेत गणित शिकवते. बसलीच नाही, दारातूनच विचारलं, "तिथे यांचं नाव घेतात का हो? का फक्त तुमच्या दादांचंच?"

मी सांगितलं, दोघांचा प्रश्न एकच आहे. दादा सुटला की तेही सुटणार.

"मग बरं," म्हणाली आणि गेली. खरंच तसं आहे. दर बैठकीत 'आणि त्यांचे सहकारी' हे शब्द मी स्वतः उच्चारते.

२० मार्च
वहिनीला पुन्हा भेटले. आता जनरलच्या लोकांची परदेशातली खाती गोठवणार, हे सांगितलं. असलं बाहेर बोलायचं नसतं. पण तिला धीर हवा होता. म्हणाली, "यांना सांगते. अजून दम धरतील."

२३ मार्च
आज चौघांचं संयुक्त निवेदन आलं. भाषांतराला माझ्याच टेबलावर.

वाचलं. परत वाचलं. 'सर्व पक्षांनी संयम बाळगावा.' 'संमिश्र सरकार स्थापन करण्याच्या जनरलच्या निर्णयाचं आम्ही स्वागत करतो.' आयुक्त नाही. सहकारी नाहीत. मतमोजणीही नाही – जणू या देशात निवडणूक झालीच नव्हती!

कागद घेऊन तशीच बाईंच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

त्या म्हणाल्या, "चौघांत एकाला तुमचं बंदर हवंय. दुसऱ्याला निर्वासित नको आहेत. मी एकटी किती ताणणार?"

"तुमचा शब्द मी माझ्या तोंडाने घरी सांगितलाय."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग खाली बघत म्हणाल्या, "भावाची काळजी करू नका."

कोरडी सहानुभूती! रस्त्यावरच्या भिकाऱ्याला 'पुढे जा' म्हणतात तशी.

टेबलाशी परत आले. भाषांतर पूर्ण केलं, एकही शब्द मवाळ केला नाही की तिखट केला नाही. मग राजीनामा लिहिला.

२४ मार्च
वहिनी फोन उचलत नाही. का उचलावा? माझ्याच भरवशावर दादाने बाहेर जायची संधी सोडली. आता ते त्याचं काय करतील?

आई एवढंच म्हणाली, "केसाने गळा कापला गं त्यांनी."

२६ मार्च
उपायुक्तांच्या बायकोबरोबर तुरुंगाच्या फाटकाशी गेले. स्वेटर आणि चष्मा द्यायचा होता. चष्मा घेतला, स्वेटर परत केला. का, ते सांगितलं नाही. निवेदनाबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. परतताना म्हणाली, "तुम्ही तरी बरोबर येता."

२८ मार्च
दादाने आज शपथ घेतली. संमिश्र सरकारात कायदामंत्री. निकालावर सहीही केली. टीव्हीवर पाहिलं. पहिल्या रांगेत चारही राजदूत, बाईसुद्धा.

मग वहिनीचा फोन. "रागावू नको गं. जनरलशी बोलणी चाललीत हे तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. बाहेर काय चाललंय ते तुझ्याकडून कळत होतं, म्हणून तर मंत्रिपद मिळेपर्यंत यांनी दम धरला."

"आणि उपायुक्त?"

"यांनी कुणाकुणाचं बघायचं?"

आता बाहेरच्या खोलीत उपायुक्तांची बायको बसलीय. तिनेही टीव्ही पाहिला. धावतच आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना दिसली. आईला सांगतेय, "आता आपलाच माणूस कायदामंत्री. उद्या-परवा सोडतील यांना, नाही का?"

पाणी आणते म्हणून मी आत आलेय.