नळीत अडकलेली गोळी

टाऊन्सव्हिल, रविवार

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे आणि तुमची रायफलही. आईचा गुडघा कसा आहे? कुत्रं अजून तुमच्या बुटांवरच झोपतं का?

काल नेमबाजीच्या स्पर्धेत माझ्यामुळे सगळ्यांचा गोळीबार थांबवावा लागला. वेळ संपली म्हणून न झाडलेलं काडतूस काढायला बोल्ट ओढला, तर नुसतं पितळेचं टरफल बाहेर आलं. गोळी नळीतच रुतली आणि दारू रायफलीत सांडली. गज घालून गोळी ठोकून काढेपर्यंत अख्खी रांग बघत होती.

काडतूस भरताना गोळी नळीच्या आतल्या आट्यांना टेकेल इतकी पुढे ठेवू नकोस, केसभर जागा सोड, असं तुम्ही बजावलं होतंत. नेम आणखी चांगला लागेल म्हणून मी स्वतः भरलेल्या काडतुसांत ती टेकवलीच.

तुमच्या क्लबातल्या अर्नीकाकांनी विचारलं, "कुणी भरली गं ही काडतुसं?"

माझ्या तोंडून निघालं, "बाबांनी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "थकला गं नेव्हिल," एवढंच म्हणाले आणि मला सॉसेज आणून दिलं. मी ते खाल्लंही.

आज तुम्ही भरलेली काडतुसं झाडली. एकूण एक गोळी मधल्या वर्तुळात बसली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

अर्नीकाका बुधवारी तुमच्याकडे येतील आणि म्हणतील, "यापुढे तुझी काडतुसं मी भरत जाईन." त्यांच्यावर चिडू नका, बाबा. शेडमधल्या फळीवर मी भरलेल्या बाकीच्या काडतुसांचा डबा आहे, तो त्यांच्यापुढे ठेवा. झाकणावर मी मोठ्या तोऱ्यात माझं नाव रंगवलंय.

तुमच्यासमोर यायला लाजणारी,
लोर्ना