क्वार्टरमागचं रान

४ मार्च
चहा ठेवला आणि परागनं पाठवलेला आवाज लावला. बोर्निओची पहाट. त्याच्या क्वार्टरमागच्या डोंगरावर गिबन गातात — शेपूट नसलेली माकडं. नवरा-बायको मिळून गातात म्हणे. एकीनं सुरू करायचं, दुसऱ्यानं उचलायचं. चहा उतू गेला.
लग्नानंतर पराग थोडेच दिवस इथे होता, मग पामतेलाच्या मिलवर परत. मी इथे रायपूरजवळ, स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, सासऱ्यांजवळ — बाबांजवळ. व्हिसा झाला की मीही तिकडे.

९ मार्च
दुपारी डोळा लागला. आमच्या गल्लीत धुकं उतरलं होतं, सायकली ओल्या पानांवरून बिनआवाज जात होत्या. झाडाआडून पराग हाक मारत होता. जाग आली तेव्हा तळवे गार.

१७ मार्च
आजच्या आवाजात मध्येच करवत. फोन केला.
"मागचा डोंगर तोडून राहिले," पराग म्हणाला. "पाम लावतीन. मिलले फळ कमी पडते."
"अन् गिबन?"
"एकाचाच आवाज येते आता."
ती की तो, हे विचारवलं नाही.

१८ मार्च
कढईत तेल तापत होतं. बघत बसले — किती पिवळं, किती मुकं. भजी राहूनच गेली.

२६ मार्च
मिलचं तेल घेणाऱ्या परदेशी कंपन्यांची माणसं तपासणीला येणार आहेत. रान तोडून लावलेल्या बागेचं तेल त्यांना नको. डोंगरापलीकडचं रान तर काही वर्षांपूर्वीच गेलं, आणि तिथलं फळ मिलमध्ये येतं. फळ उतरवून घेण्याचं काम परागकडे. मॅनेजरनं बजावलं आहे — सगळं जुन्या बागांचं, असंच सांगायचं.
"काय करू, प्रांजली?"
"नोकरी गेली तर मी येऊ कुठं?"
"हो ना."
फोन ठेवला. फार हळू ठेवला त्यानं.

२७ मार्च
बाबांना सांगितलं. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून ते कमीच बोलतात. आंब्याखाली बसून राहिले, मोहर अंगावर पडत होता.
"त्याले परत फोन लाव," शेवटी म्हणाले. "कावून तसं बोलली, ते सांग. तुले भेव वाटलं, एवढंच सांग."
फोन लागला नाही. मग लिहून पाठवलं — मी घाबरले होते. तुला बरोबर वाटेल तेच त्या लोकांना सांग. पुढचं दोघं मिळून बघू.

३ एप्रिल
परागनं त्या माणसांना खरं सांगून टाकलं. नोकरी गेली. त्या लोकांनी माल घेणं थांबवलंय, डोंगरावरची मशीनं उभी आहेत. किती दिवस, कोणालाच माहीत नाही.
पराग उद्या रायपूरला उतरतोय. रडू येईल असं वाटलं होतं. पण आज पहिल्यांदाच वाटतंय — माझं लग्न झालंय.