मोम्बासाच्या दर्यात सोडलेला नारळ

ती. कमळआत्या,

अमिषाचा मोम्बासाहून, म्हणजे पार आफ्रिकेतून, वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? प्रज्योतदादासाठी मुली बघणं अजून चालूच का? पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. तुझ्या फोनवरचं सगळं आधी दादा वाचतो आणि मग ते बाबांपर्यंत जातं, म्हणून ही चिठ्ठी इथल्या किराणा दुकानाच्या शहाकाकांबरोबर पाठवतेय. (ते मुंबईला भाच्याकडे चाललेत.)

पहिल्या आठवड्यात मी फोनवर रडले, हे एव्हाना अख्ख्या पेण तालुक्याला ठाऊक असेल. समुद्रविज्ञान शिकायला आले खरी, पण मास्तरांचं इंग्रजी डोक्यावरून जायचं, जेवणात तिखट नाही, आणि एका संध्याकाळी मी सुकट भाजायला घेतली तर वसतिगृहाच्या बाई आग लागली समजून बादली घेऊन धावल्या. (इथले लोकही सुकी मासळी खातात, पण इस्त्रीवर भाजत नाहीत.) बाबा आधीपासून म्हणतच होते, "आफ्रिकेत? तिथं आपला कोन हाय?" त्यांना निमित्तच हवं होतं. चहा निवायच्या आत त्यांनी माझं गणपतीच्या आधीचं तिकीट काढलं, तेही फक्त घरी यायचं. परत इथं पाठवायचं नावच नाही.

गावात विचारतील, सिंह पाहिला का? नाही पाहिला. कावळे पाहिले. राखाडी मानेचे, अगदी आपल्याकडचेच, आणि तेवढेच आगाऊ.

तर नारळी पौर्णिमा आली. मिठागराच्या बांधावरून नारळ सोडायचा आपल्या घरचा नेम, तो परदेशात आले म्हणून चुकवू कसा? इथं नारळाला तोटा नाही. कुंकू लावलं, फूल वाहिलं, गुडघाभर पाण्यात जाऊन डोळे मिटून नारळ सोडला. डोळे उघडते तो एक पोहणारे गृहस्थ तोच नारळ घेऊन हसत समोर उभे. माझ्या हातून पडला असं वाटलं बिचाऱ्यांना! मी आभार मानले (दुसरं काय करणार?) आणि ते लांब गेल्यावर पुन्हा सोडला. या वेळी दोघं धावले. तिसऱ्यांदा जोर लावून फेकला, तर अर्धा किनारा पाण्यात उतरला. इतकी परोपकारी माणसं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी माझ्या खोलीत राहणाऱ्या हलीमाने ओरडून सगळ्यांना काहीतरी समजावलं. तेव्हा एक म्हातारे मच्छीमार पुढे आले. त्यांनी आम्हा दोघींना होडीत बसवलं, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नेलं आणि हलीमाकरवी सांगितलं, आता सोड, इथून कुणी आणून देणार नाही. मागणं कुणाला सांगायचं नसतं, तरी तुला सांगते. मी म्हटलं, दर्या, मला इथं राहू दे.

परतलो तर किनाऱ्यावर टाळ्या! मग हलीमाच्या घरी नारळाच्या दुधातला भात आणि मासे. चव आपलीच गं, फक्त मिरची मी घरून आणलेली. मास्तरांचं इंग्रजीही आता कळायला लागलंय. परवा खारफुटीच्या तासाला मी दोनदा हात वर केला. आपल्या खाडीबद्दल बोलताना माझा आवाजसुद्धा कापला नाही. फार बरं वाटलं.

बाकी सर्व क्षेम. आईला माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर कुठून आला म्हणून विचारत बसेल.

तुझी लाडकी,
अमिषा

ता. क. – ते तिकीट रद्द करायला बाबांना सांग. बाबा एक वेळ देवाला नाही म्हणतील, मोठ्या बहिणीला नाही. चिडलेच तर एवढंच म्हण, "धनेश, नारल सोरला का बोटी दर्यान जातान, घरा न्हाय येत."

ता. क. २ – शहाकाका परत येतील तेव्हा त्यांच्याकडे थोडी सुकट दे. हलीमाकडे तवा आहे.

ता. क. ३ – काल पुन्हा रडले. हलीमाने विचारलं, घरची आठवण येते? म्हटलं, नाही गं, बाबांनी तिकीट काढलंय.