स्टीलच्या दाढेमुळे बालवर्ग बिघडल्याबाबत

प्रति,
मा. दंतवैद्यकीय अधिकारी,
लहान मुलांचा दंतविभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: दाढ न कोरता टोपी बसवल्याने बालवर्गात उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.
संदर्भ: बिट्टीची डावी खालची दाढ, गेला सोमवार.

महोदया,

मी, खाली सही करणारी, बालवर्गाची शिक्षिका असून माझ्याकडे चार-पाच वर्षांची बावीस मुले आहेत. पैकी बिट्टी हिची दुधाची दाढ किडली होती. आपण ती कोरली नाहीत की सुई टोचली नाहीत. स्टीलची चकचकीत टोपी आतून सिमेंट लावून दाढेवर ठेवलीत आणि "चाव बरं घट्ट!" म्हणालात. आत कोंडलेल्या किडीची उपासमार होऊन ती जागीच थांबते, असे तिच्या आईने मला समजावले. उपचाराबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

मंगळवारी बिट्टीने वर्गात आ वासला. जो झोपाळ्यावरचा आपला नंबर देईल त्यालाच दाढ दिसेल, असा तिने नियम केला. त्या दिवशी ती झोपाळ्यावरून उतरली ती थेट घरी जायलाच.

बुधवारी अकरा मुलांनी दात घासणे सोडल्याचे पालकांनी कळवले. कारण विचारता, "कीड लागल्याशिवाय टोपी कशी मिळणार?" असे बिनतोड उत्तर मिळाले.

गुरुवारी एकाने बाटलीचे झाकण तोंडात घालून घट्ट चावले. ते काढताना त्याने माझे बोटही तितकेच घट्ट चावले. टोपी हे बक्षीस नसून आजारी दातावरचे औषध आहे, असे मी फळ्यावर चित्र काढून सांगितले. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाईंना नाही ना मिळाली, म्हणून जळतात!"

तरी आपण एकदा वर्गात येऊन मुलांना समजावावे, ही विनंती. मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे, सोबत दात कोरायचे यंत्र आणून अर्धा मिनिट चालवावे, म्हणजे सगळी सुतासारखी सरळ होतील.

यंत्र मात्र आणू नये. मुलांना त्याचा आवाज सोसेल, मला सोसणार नाही. माझी डावी वरची दाढ तीन वर्षे ठणकते आहे. आपल्या रुग्णालयात मी चारदा आले आणि चारही वेळा तो घुर्रर्र आवाज ऐकून जिन्यावरूनच परतले. मी जळते, असे मागच्या बाकावरून आले ते, महोदया, खरे आहे.

माझी दाढ दुधाची नाही व वय एक्कावन्न आहे, याची मला जाणीव आहे. तरीही मोठ्या मापाची एखादी टोपी बसवता येत असल्यास सहानुभूतीने विचार व्हावा. आणि नकार असेल तर तो लेखीच कळवावा, म्हणजे वर्गात कुणाला समजणार नाही. मुलांना अजून वाचता येत नाही.

आपली नम्र व उजव्या बाजूने चावणारी,
(सही)
बालवर्ग शिक्षिका
दिनांक: शुक्रवार, शाळा सुटल्यावर