रिसेप्शनवालीचा रंग

सोमवार, ४ मार्च

केलं! कुणाला न विचारता केलं. तिचं भलं व्हावं म्हणूनच केलं — मग हे असं चोरासारखं का वाटतंय?

खेळांच्या नव्या कार्यक्रमासाठी निवेदिका हवी आहे. आज दोघींची चाचणी झाली. एक ‘सकाळची’. सकाळच्या बातम्या देते म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. गोरी, गोड, कधी अडखळत नाही. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे ती स्वतःच हसत सांगते.

दुसरी कप्तान. राष्ट्रीय महिला संघाची खरोखरची कप्तान होती, गुडघा गेला म्हणून मैदान सुटलं. बंदराकडच्या वस्तीतली. तिकडच्या सगळ्यांसारखी काळी. सावळी नाही, काळी.

काय बोलली पोरगी! चाचणीसाठी सामन्याची फीत लावली होती; तिच्यासोबतच्या मजकुरात नेहमीप्रमाणे काळ्या खेळाडूच्या वाट्याला ‘अंगची ताकद’ आणि गोऱ्या खेळाडूच्या वाट्याला ‘खेळाची समज’ होती. तिने वाचता वाचता सरळ अदलाबदल केली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, “ताई, त्या पोरीने दिलेला पास बघितलात ना? तो काय दंडाने देता येतो?”

पण चित्रात? डोळे आणि दात. बाकी सगळा अंधार.

त्याचं कारण मला माहीत आहे, कॅमेऱ्यांचे रंग-उजेड जुळवणं हेच माझं काम. आमच्याकडे कॅमेरे लावायच्या वेळी खुर्चीत रिसेप्शनवालीला बसवतात. ती मोकळी असते, तिलाही तेवढाच विरंगुळा. तिच्या चेहऱ्यावर सगळं जुळवायचं आणि मग दिवसभर हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं हेच. ती दुधासारखी गोरी आहे. म्हणजे आमच्या स्टुडिओत जो कुणी येऊन बसतो, त्याला कॅमेरा रिसेप्शनवाली समजूनच बघतो!

बाजूने एक मोठा दिवा लावला असता तर काम झालं असतं. मागावा असं मनात आलंही. पण दिवेवाले काका नुकतेच शिडीवरून उतरले होते, करवादले असते. साहेब घड्याळ बघत होते. मी दिवा मागितला नाही.

आणि मग एडिटिंगच्या खोलीत, एकटीने, तिचा चेहरा उजळला. आधी थोडासा. मग आणखी थोडा. मग — अजून जरासा.

मंगळवार, ५ मार्च

निवड झाली. कप्तान!

साहेबांनी रेकॉर्डिंग पाहिलं आणि म्हणाले, “अरे, ही स्क्रीनवर एवढी काळी वाटत नाही की. उगाच घाबरत होतो.” सगळे हसले. मीही.

गुरुवार, ७ मार्च

जाहिरातीचं पोस्टर छापून आलं. प्रसिद्धीवाल्यांनी त्या चाचणीतलंच चित्र उचललं. मला कळलंच नाही, नाहीतर थांबवलं असतं. थांबवलं असतं का? लिहायला सोपं आहे.

कप्तान बराच वेळ पोस्टरकडे बघत राहिली. गालाला हात लावला — स्वतःच्या, चित्राच्या नाही. मग म्हणाली, “चांगलं आलंय. एक घरी नेऊ? आईला दाखवते.”

मी गुंडाळी करून दिली. रबर लावताना तिच्याकडे बघवलं नाही.

लहानपणी घरात मीच तेवढी सावळी. प्रत्येक फोटोत माझी काकू मला मागच्या रांगेत उभी करायची. “तू उंच आहेस ना, म्हणून.” मी कधीच उंच नव्हते. चुलतभावाच्या खांद्यावरून माझं फक्त कपाळ दिसायचं. मला वाटत होतं, कप्तानला मी पुढच्या रांगेत आणलं. आता वाटतं, मी पुढे आणलं ते भलत्याच कुणाला.

सोमवार, ११ मार्च

आजचा दिवस लिहूच नये असं वाटतंय. म्हणूनच लिहिते.

रविवारी पहिला कार्यक्रम, थेट. त्याची आज तालीम. शेजारी जुने निवेदक — गोरे, टक्कल चकचकीत. थेट प्रसारणात नंतर उजळायला वेळ नसतो. कप्तानसाठी कॅमेऱ्याचा डोळा उघडावा तर टकलाचा सूर्य होतो, टकलासाठी मिटावा तर कप्तान नाहीशी होते. मी इकडून तिकडे करत राहिले.

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. “हे काय? ही ती नाही! चाचणीत वेगळी दिसत होती.” मग माइकमधून वर ओरडले, “काका, वर झोपा काढता काय? चाचणीच्या दिवशीचे दिवे कुठे गेले?”

काका शिडीवरूनच म्हणाले, “साहेब, मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही.”

“मग काय पोरीने एका आठवड्यात रंग बदलला?”

कंट्रोल रूममध्ये हशा. काका वरचे दिवे पुन्हा तपासू लागले. मी त्यांच्यापासून एका काचेच्या अंतरावर बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. एक! मी नुसती बटणं फिरवत राहिले.

मग कप्तानला मेकअपला पाठवलं — “दोन शेड उजळ करा.” ती परत आली ती चेहरा राखेसारखा आणि मान स्वतःची. मागोमाग आलेल्या मेकअपवाल्या मावशींच्या हातातल्या आरशात बघून म्हणाली, “मावशी, ही मान कुणाची बसवलीत?” मावशींनी हसता हसता आरसा खाली घेतला.

शेवटी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. “मनाला लावून घेऊ नकोस. तुझा आवाज झकास आहे. रविवारी ‘सकाळची’ला बसवू, तू मागून बोल. तिला कानात सांगत जा.”

म्हणजे बुद्धी हिची, चेहरा तिचा.

कप्तान फक्त “बरं” म्हणाली. तीन मुलाखतींमध्ये मी तिचा आवाज ऐकलाय — हरलेल्या सामन्यानंतरचासुद्धा. एवढा लहान कधी नव्हता.

मंगळवार, १२ मार्च

काका आज माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. माझ्या लेकीच्या परीक्षेची चौकशी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, १३ मार्च

सांगितलं. आधी साहेबांना.

चाचणीतला चेहरा मी उजळला होता, काकांचा काही दोष नाही, म्हटलं. वाटलं, आता नोकरी जाते.

साहेब खुर्चीत मागे रेलले. “अहो बाई, मग वाईट काय केलंत? चांगलंच केलंत की! थेट कार्यक्रमात तसं करता येत नाही का?”

मला शिक्षा हवी होती. मिळाली शाबासकी! एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कारण त्या क्षणी कळलं — चाचणीच्या दिवशी त्या एडिटिंगच्या खोलीत मी आणि साहेब एकच माणूस होतो. फक्त मी ते प्रेमाने केलं.

मग कप्तानला सांगितलं. ती मेकअपच्या खोलीत एकटीच बसून रविवारच्या दोन्ही संघांची माहिती वाचत होती. सकाळचीला कानात सांगायला!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोस्टर बघितलं तेव्हाच मला कळलं होतं, ताई. आरसा आहे माझ्या घरी.”

“मग बोलली का नाहीस?”

“नोकरी हवी होती.” हातातले कागद बाजूला ठेवून, “तुम्ही का नाही बोललात? तुमच्याकडे तर नोकरी होती.”

मी शेजारच्या खुर्चीत बसले.

“मला एकदा आहे तशी दाखवा,” ती म्हणाली. “मग खुशाल नको म्हणू देत. नाही म्हणायचं तर निदान मला म्हणायला हवं ना? तुम्ही सगळ्यांनी बनवलेल्या त्या दुसऱ्या बाईला कशाला?”

शुक्रवार, १५ मार्च

काकांकडे गेले. आधी माफी मागितली, मग दिवा. काका म्हणाले, “माफी राहू दे, शिडी धर.”

शिडी धरली. बाजूने मोठा दिवा, त्यावर जाळीचं कापड, भिंतीवरचा उजेड कमी. आणि खुर्चीत रिसेप्शनवालीऐवजी कप्तान. “म्हणजे माझी खुर्ची गेली!” रिसेप्शनवाली दारातून ओरडली. कप्तान म्हणाली, “ये, मांडीवर बस.”

तिच्या चेहऱ्यावर कॅमेरे जुळवले. हळूहळू चित्रात गालाचं हाड आलं. भुवईवरचा जुन्या टाक्यांचा व्रण आला. कपाळावर जांभळट, तांबूस, कितीतरी रंग — काळा म्हणजे एक रंग असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि रंग हा माझा धंदा! उजळ काही केलं नव्हतं. दिसत होती, एवढंच.

जुन्या निवेदकांना शेजारी बसवलं. तेही छान दिसले. टक्कलसुद्धा.

साहेबांना बोलावलं. म्हटलं, “एकदा बघा. नाही पटलं तर कार्यक्रमातून माझंही नाव काढा.” त्यांनी मॉनिटरला नाक लावलं. मागे सरकून पुन्हा बघितलं. “हं,” म्हणाले. दारापर्यंत गेले, वळले. “रविवारी हीच बसेल. पण पडली तर तुम्हा दोघींना बघून घेईन.”

कप्तानने खुर्चीतूनच मला अंगठा दाखवला. मी कंट्रोल रूममध्ये खाली वाकून तोंड पुसून घेतलं.

रविवार, १७ मार्च

पडली नाही! मध्यंतरात जुने निवेदक एका काळ्या खेळाडूबद्दल “काय ती ताकद” म्हणाले. ती लगेच, “आणि काय ते डोकं! परत दाखवा बरं तो पास.” मी परत दाखवला.

घरी आले तर लेक म्हणाली, “आई, ती निवेदिका कसली भारी आहे गं!” रंगाबद्दल अवाक्षर नाही. रंगाची मोजदाद आतासुद्धा मीच केली. तिने नाही.

सोमवार, १८ मार्च

नवं पोस्टर आलं. खरं. पहिली प्रत मी कप्तानच्या हातात दिली. आईसाठी.

मंगळवार, १९ मार्च

कप्तानने पोस्टर परत आणलं. गुंडाळी, रबर, सगळं मी दिलं होतं तसंच.

“आई म्हणते, हे नको. आधीचंच ठेवते.” माझ्याकडे न बघता म्हणाली. “भिंतीवर लावलंय तिने. मी कप उचललेला फोटो होता ना, तो काढून. त्याच खिळ्यावर.”