चारशे शाबूत चोची

२ मार्च
पुन्हा तेच! आज तीन तलंगांच्या — कोवळ्या कोंबड्यांच्या — शेपट्या बोडक्या. एकीच्या पाठीवर रक्त. बारा आठवड्यांच्या पोरी, अजून अंड्यावर यायच्यात — आणि एकमेकींची पिसं उपटतात! वीस तारखेला सेंद्रिय अंडी विकत घेणाऱ्या बाई कळप बघायला येणार. अशी बोडकी पाखरं बघून त्या दारातूनच परत जातील.

४ मार्च
कोबीचे गड्डे टांगले. पेंढ्या सोडल्या. अंघोळीला राख-माती. बसायला जास्तीच्या दांड्या. चरायला मागचं रान मोकळं, तरी घोळका शेडच्या दारापाशीच, माझ्यासाठी — लाडक्या आहेत!
दिवसातून दहा वेळा शेडमध्ये जातो. कान माझे तिखट. कळपाचा सूर बिघडलाय हे दारातच कळतं. बिघडलेलाच असतो.
बायको म्हणाली, "जेवताना तरी बूड टेकवा!"

५ मार्च
बोडक्या आता सात.

७ मार्च
जनावरांचे डॉक्टर आले. "काका, चोचींची टोकं छाटून टाका, सुटाल." सेंद्रिय पालनात ते चालत नाही. चाललं असतं तरी केलं नसतं — चोच म्हणजे तिचा हात! म्हटलं, आधी माझी जीभ छाटा. ते हसले. "ती छाटली तर आम्हीही सुटू!" घरी येऊन मात्र सारख्या चोचीच डोळ्यांपुढे. आजवर जे उभं केलं ते कुणाचं काही न छाटता. आता?

९ मार्च
लेक आलीय. सकाळी तिनं स्वतःचा फोन शेडमधल्या दांडीला बांधून ठेवला होता, मला न सांगता. जेवणानंतर म्हणाली, "बाबा, कानांची फार फुशारकी ना? ऐका."
कुर्र-कुर्र. पेंढ्याची सळसळ. इतकं निवांत! विचारलं, "हा कुणाचा कळप?"
"तुमचाच."
मग कडी वाजली. माझा खोकला. "या गं बायांनो!" खिशातल्या मक्याची खुळखुळ — आणि फडफड, किंचाळ्या, रेटारेटी!
तिनं फोन बंद केला. "मूठभर मका, चारशे तोंडं. दिवसातून दहा वेळा. रिकाम्या राहिलेल्या काय करतील, बाबा?"
चाळीस वर्षं कान लावून ऐकलं — मी नसताना मात्र कधीच नाही.

१० मार्च
शेडची किल्ली लेकीला दिली. खिसे उलटे केले. दिवसभर हात कुठं ठेवू कळेना.

१८ मार्च
नवी बोडकी एकही नाही. कुंपणाबाहेर स्टुलावर बसलो होतो. पोरी रानात पांगलेल्या. कुणीही माझी वाट बघत नव्हतं.