पुढची खोली धाकट्या सुनेला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, तसा दाखला आज डॉक्टरांनी तपासून दिला आहे, आणि हे मी कोणाच्या भिडेने किंवा धाकाने लिहीत नाही. धाक दाखवायला माझ्याहून मोठे आता घरात कोणी उरलेले नाही. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात चूक काही नव्हती, पण तो कोणाच्याही सासूचा वाटत होता. म्हणून कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आहेत, बाकी मजकूर माझा. कागद दोन्ही बाजूंनी लिहिणार होते, वकील नको म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे निघालेच तर ते खोटे समजावे.

श्वास आहे तोवर सगळे माझ्या ताब्यात राहील. देवाने बोलावले की पुढीलप्रमाणे करावे.

कलम १. राहते घर माझ्या यजमानांनी माझ्या नावावर घेतले. त्यांना धंद्यात दोनदा खोट आली होती, आणि तिसऱ्यांदा आली तर निदान छप्पर राहावे हा त्यांचा विचार. ती तिसऱ्यांदाही आली, आणि छप्पर राहिले. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकीचे सगळे माफ केले आहे. घराची मधली खोली, स्वयंपाकघर आणि वरच्या दोन खोल्या माझ्या दोन्ही मुलांना सारख्या वाट्याने द्याव्यात. थोरला परगावी असतो. त्याला राहायचे नसेल तर त्याने आपला वाटा धाकट्याला रास्त भावाने द्यावा. बाहेरच्याला देऊन भावाच्या घरात परका बसवू नये.

कलम २. रस्त्याकडची पुढची खोली, तिचे दार, शटर, विजेचे स्वतंत्र मीटर आणि बाहेरची पायरी, हे सर्व मी माझ्या धाकट्या सुनेला देते. धाकट्या मुलाला नव्हे, सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. तिने खोली वापरावी, भाड्याने द्यावी, विकावी, कुलूप लावून ठेवावी. सर्व हक्क तिचे.

यावर थोरल्याची हरकत आहे हे मला ठाऊक आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, सुनेच्या नावावर कशाला? धाकट्याच्याच कर ना. शेवटी एकच आहे."

मी म्हटले, "एकच असेल तर तिच्या नावावर केली तर तुझं काय बिघडतं?"

त्यानंतर त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्या खोलीला मोबाइलच्या दुकानाचे चांगले भाडे येईल हे त्याने मागेच काढून ठेवले आहे. मुलगा हिशेबाला पक्का आहे, माझ्यावरच गेला आहे. म्हणूनच कारण सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी म्हातारी भ्रमिष्ट झाली होती असे म्हणू नये.

या खोलीत बायकांचा बचत गट बसत असे. धुणीभांडी करणाऱ्या, कापड कारखान्यात धागे कापणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवरा असून नसल्यासारखा असलेल्या. थोडेथोडे साठवायचे आणि त्यातून आळीपाळीने धंद्याला कर्ज घ्यायचे. गटाला मदत करणाऱ्या संस्थेच्या ताई येऊन धंदा शिकवत. माल कुठून घ्यायचा, उधारी कशी आवरायची, ओळखीच्या गिऱ्हाइकाला फुकट कसे द्यायचे नाही. हिशेबाचा वर्ग मी घेत असे. भाव काढताना बायका कच्चा माल धरत, रिक्षाचे भाडे धरत, आणि स्वतःची मजुरी सोडून देत. मी दर वेळी विचारायची, "मजुरी धरली का?"

साबण करणारी एकदा म्हणाली, "मजुरी राहू दे मावशी, सासूची बोलणी खर्चात धरू का?"

"ती घसाऱ्यात धर," मी म्हटले.

खोलीभर हसू झाले. हीच साबणवाली गटात आली तेव्हा शेजारणीच्या चपला घालून आली होती. आज तिच्या हाताखाली तीन बायका आहेत आणि तिचा मुलगा तंत्रशाळेत आहे. देवाने माझ्या हातून काही बरे करून घेतले असेल तर ते त्या खोलीत.

गट सुरू झाला तेव्हा मागच्या वस्तीतला एक गट नुकताच बुडाला होता. पैशांची पेटी जिच्या घरी होती, तिच्या बहिणीला आणि जावेला कर्जे गेली, ती फिटली नाहीत, आणि पोटाला चिमटा काढून ठेवलेले मोलकरणींचे पैसे त्यात गेले. म्हणून मी पहिल्याच बैठकीत नियम मांडला की पेटी जिच्या घरी, तिच्या घरात कर्ज जाणार नाही. पेटी माझ्याकडे होती. नियम बरोबर होता. आजही मी तो बरोबरच म्हणेन.

मग धाकट्याचे लग्न झाले. सून मोटर वाइंडिंगवाल्याची मुलगी. जळलेल्या पंख्यातली, पाण्याच्या मोटरीतली तांब्याची तार उसवून नवी भरायची, हे काम ती लहानपणापासून वडिलांजवळ बसून शिकलेली. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा तिने माझा मिक्सर उघडला. मी म्हटले, "बिघडवशील."

"बिघडलेलाच आहे, आई," ती म्हणाली, आणि स्वयंपाक व्हायच्या आत तो चालू करून दिला.

गटाच्या दिवशी ती सगळ्यांना चहा देऊन दाराशी बसे आणि वर्ग ऐके. एके दिवशी ती बाकीच्यांसारखीच अर्ज घेऊन पुढे आली. जुने वाइंडिंग मशीन कुठे विकाऊ आहे, तार केवढ्याला, वार्निश केवढ्याला, आठवड्याला किती पंखे येतील, सगळे मांडलेले होते. आणि तिने मजुरी धरली होती.

मी अर्ज वाचला आणि म्हटले, "नियम आहे."

गटातली शिवणवाली म्हणाली, "अहो मावशी, घरचीच तर आहे."

"घरचीच आहे म्हणूनच."

सून उठली. कपबश्या गोळा करून आत गेली.

बैठक उठल्यावर ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, नियम पेटीच्या घराला आहे ना? मग पेटी साबणवालीकडे द्या. नियमही राहील आणि सूनबाईंचं दुकानही उभं राहील."

इतके सोपे होते. मी ताईंना सांगितले, "साबणवालीला अजून हातचा घेता येत नाही." ते खरे नव्हते. साबणवाली तोवर माझ्याहून झटपट बेरीज करत होती. खरे हे की ती पेटी मला सोडवत नव्हती. मॅट्रिक होऊन मी जन्मभर किराण्याच्या याद्या केल्या. यजमानांनी धंद्यात कधी माझे मत विचारले नाही, आणि विचारले असते तर दोनतीनदा आलेली खोट टळली असती. मग त्या बायका मला खजिनदारबाई म्हणू लागल्या. रस्त्यात लोक थांबून सल्ला विचारू लागले. ते सुटले तर मी पुन्हा नुसती यादी करणारी. रोज देवापुढे माळ घेऊन बसत होते आणि या हावेला तत्त्व म्हणत होते. देवाने ऐकून घेतले, तो कोणाला तोंडावर बोलत नाही.

सून चौकातल्या मोटर दुकानात नोकरीला लागली. पाटीवर मालकाचे नाव. गिऱ्हाईक पंखा त्याच्या हातात देते, तो "उद्या या" म्हणतो, आणि पडद्यामागे बसून तो पंखा ही भरते. मालक सांगतो, "आमच्या घरच्यासारखीच आहे." पगारही घरच्यासारखाच देतो. एवढी वर्षे ती सकाळी माझा डबा झाकून जाते आणि संध्याकाळी येऊन कणीक मळते. एकदाही तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात कधीतरी खरे तोंडातून निघाले असते.

या वर्षी मी पेटी साबणवालीकडे दिली. गटाने त्याच बैठकीत सुनेचे कर्ज मंजूर केले. मी छापील अर्ज आत नेला आणि म्हटले, "सूनबाई, यावर सही कर."

तिने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. म्हणाली, "आई, आता बारीक तारेवर नजर ठरत नाही. पंखे मी सोडले. मोठ्या मोटरीच तेवढ्या भरते."

"मग मोठ्याच भर."

"त्या उचलायला माणूस ठेवावा लागतो. त्याचा पगार, वर कर्जाचा हप्ता. माझ्या हाताला काय राहील?"

"सुरुवातीला थोडं कमी राहील."

"सुरुवातीचं वय गेलं ना आई," ती म्हणाली. रागाने नव्हे. "हिशेब तुम्हीच शिकवलात." आणि अर्जाची घडी करून माझ्या हातात परत दिली.

रात्री मी स्वतः आकडे मांडून पाहिले. तिचे बरोबर होते. कर्ज तिला आता परवडत नाही. जे तेव्हा हप्त्याने उभे राहिले असते, ते आता फक्त फुकट दिले तर उभे राहू शकते, आणि फुकट देऊ नये हे मी जन्मभर शिकवले. म्हणून ही खोली देणगी नव्हे, माझ्याकडे थकलेले तिचे देणे.

कलम ३. पोस्टातली माझी ठेव आणि बँकेतील शिल्लक यांतून माझ्या आजारपणाचा आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल त्याचा अर्धा भाग दोन्ही मुलांना सारखा. दुसरा अर्धा धाकट्या सुनेला. हे बक्षीस नाही, आणि दान तर मुळीच नाही. तिने गटासाठी जो चहा केला, खोली झाडली, भांडी विसळली, त्याची मजुरी मी कधी धरली नव्हती. दुसऱ्या कोणी असा हिशेब आणला असता तर मी परत पाठवला असता.

कलम ४. माझ्या दोन सोन्याच्या बांगड्या थोरल्या सुनेला द्याव्यात. तिने त्या पूर्वी दोनदा हातात घालून पाहिल्या आहेत, तेव्हा मापाची अडचण येणार नाही. माझी माळ आणि देव धाकट्या मुलाकडे राहावेत, कारण तो पूजा कमी करतो पण खोटे बोलत नाही. यजमानांची लोखंडी शिडी दिरांकडे आहे. ती परत मागू नये. पण त्यांनी ती आपली म्हणू नये. कोपऱ्यावरचा भुसार दुकानदार आमच्या गटाला "बायकांची भिशी" म्हणून हसत असे. त्याच्या सुनेने पुढे याच गटातून कर्ज घेतले आणि वेळेवर फेडले. तो माझ्या अंत्ययात्रेला आला तर त्याला चहा द्यावा, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त घालावी.

कलम ५. गटाला मी पैसे ठेवत नाही, गटाला पैशांची सवय आहे. मोठा तराजू, फळा आणि सतरंज्या गटाच्या. सून हो म्हणेल तरच बैठक या खोलीत भरवावी. ती नाही म्हणाली तर दुसरी जागा बघावी, आणि तिला कोणी समजवायला जाऊ नये. पेटीचा नियम मोडू नका. फक्त पेटी एका घरी दोन वर्षांहून जास्त ठेवू नका, मग ती बाई कितीही प्रामाणिक असो. प्रामाणिक असेल तर लवकर हलवा.

कलम ६. माझ्यामागे खर्चिक विधी करू नयेत. जुनी सुती साडी नेसवावी, नव्या दोन कपाटात आहेत त्या वापरणाऱ्याने वापराव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी साबणवालीला नेमते. ती कोणालाही तोंडावर नाही म्हणू शकते, आणि थोरला तिला थोडा घाबरतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि पटला म्हणून सही करत आहे. सही करताना दोन साक्षीदार समोर बसले आहेत. या कागदाने त्यांना काहीही मिळत नाही. माझी सही होताना त्यांनी पाहिली आणि त्यांची सही मी पाहत असताना त्यांनी केली.

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले : डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. सही
साक्षीदार दुसरे : संस्थेच्या ताई, आता निवृत्त. सही

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
तारीख : वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे, सकाळी

सहीनंतर लिहिलेली ओळ, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष : धाकटी सून या वेळी घरी नाही. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती, मालकाने दिली नाही. संध्याकाळी ती आली की हे तिला वाचून दाखवीन. ती खोली घेईल की नाही, हे मला आज लिहिता येत नाही.